वर सरकणारी पिन

दार बिघडलं असं आपण म्हणतो तेव्हा दार बहुधा धडधाकटच असतं. फळ्या शाबूत, चौकट सरळ, कडी-कोयंडा जागच्या जागी. बिघडलेली असते ती करंगळीएवढी पिन, बिजागरीच्या नळीत लपलेली. ती झिजते, गंजते किंवा थोडी थोडी वर सरकते. मग दार उंबरठ्याला घासू लागतं, कडी कोयंड्यात जाईनाशी होते, आणि घरातली बाई एका हाताने दार किंचित उचलून दुसऱ्या हाताने कडी घालायला शिकते. एकदा शिकली की ती तक्रार करत नाही. दहा दहा वर्षं ते दार उचलूनच लावलं जातं आणि पाहुण्यालाही सांगितलं जातं, "जरा उचलून घ्या, मग लागेल." या वाक्याचं मला फार वाईट वाटतं. सगळ्या घराने दाराशी जुळवून घेतलेलं असतं, कारण पिनेकडे कुणी पाहिलेलं नसतं.

पिनेकडे पाहायचं तर बिजागरी हातात घ्यावी. तिची दोन पानं असतात, एक चौकटीला आणि एक दाराला. नेहमीच्या बिजागरीत पाच नळ्या येतात, तीन एका पानाच्या आणि दोन दुसऱ्या पानाच्या, एकाआड एक. पाचांतून आरपार पिन. काम सोपं दिसतं. दाराच्या नळ्यांनी फिरायचं, चौकटीच्या नळ्यांनी स्थिर राहायचं, पिनेने मध्ये उभं राहायचं. पण पिनेने कुणाच्या बाजूने राहायचं हे ठरलेलं नसेल तर ती दोघांच्याही ओढीत सापडते. दार उघडताना घर्षणाने जराशी वळते, लावताना उलटी वळते, दार आपटलं की थरथरते. पाचही नळ्या तंतोतंत एका रेषेत सहसा नसतातच. या ओढाताणीत, स्वतःच्या वजनाने खाली बसून राहायला हवी ती पिन केसाकेसाने वर चढते. एक दिवस तिचं डोकं अर्धा इंच वर आलेलं दिसतं. कुणीतरी हाताशी असेल त्याने ठोकून ती खाली बसवतं. काही दिवसांनी ती पुन्हा वर.

सुतारांकडे यावर जुना उपाय आहे. पिन काढायची, दगडावर आडवी ठेवायची आणि मधोमध हातोडीचा एक हलका घाव घालायचा. किंचित पोक आलेली पिन नळीत घट्ट बसते आणि चढत नाही. फुकटातला उपाय आहे आणि चांगला आहे. कारखान्यात झालेली सुधारणा याच विचाराची, फक्त जास्त नेमकी. पिनेच्या डोक्याखाली बारीक खरखरीत रेघा पाडतात. त्या रेघा चौकटीच्या पानाच्या सर्वांत वरच्या नळीला पकडतात, म्हणजे पिन कायमची चौकटीची होते आणि दार तिच्याभोवती निवांत फिरतं. आणखी एका प्रकारात पिनेच्या अंगावर खाच असते आणि नळीत आडवा घातलेला बारीकसा स्क्रू त्या खाचेत टोक रोवून बसतो. हा स्क्रू अशा जागी असतो की दार उघडल्यावरच त्याला पेचकस लागतो. बंद दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला तो सापडत नाही.

ही शेवटची गोष्ट आमच्या कोऱ्हाळे बुद्रुक गावात फार कामाची आहे. निरा डावा कालवा १८८०च्या दशकात झाला आणि या पट्ट्याचं पीक बदललं, पाण्याभोवतीची वस्तीही बदलली. आज विहिरीवर, चारीच्या कडेला मोटारीच्या छोट्या खोल्या दिसतात. आत स्टार्टर, केबल, पाण्याची मोटार. खोली अरुंद असल्यामुळे दार बाहेर उघडणारं करावं लागतं, आणि दार बाहेर उघडलं की बिजागरीची पिनही बाहेरच येते. अशा दाराला चांगलं वजनदार कुलूप घालून माणूस निर्धास्त घरी जातो. कुलपाला हात न लावता, एक खिळा आणि एक दगड घेऊन दोन पिना खालून वर ठोकल्या की दार कुलपाच्या बाजूवर लोंबकळत उघडतं. कुलपावर खर्च करणारा शेतकरी पिनेवर का करत नाही? कारण कुलूप दिसतं, दुकानदार त्याचं नाव सांगून ते विकतो. पिनेला नाव नाही.

कुलपांचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागेत कुलपांचा कारखाना काढला तो १८९७ साली, आणि पुढे त्यांच्या तिजोऱ्या अनेकांकडे पोचल्या. तिजोरी करणाऱ्यांनी, इथल्या आणि जगातल्याही, एक गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. चोर कुलपाशीच झुंजेल असं धरून चालता येत नाही, तो बिजागरी कापेल. म्हणून चांगल्या तिजोरीत दार धरून ठेवण्याचं काम बिजागरीकडे ठेवलेलंच नसतं. बिजागरीच्या बाजूलाही दाराच्या कडेला पक्के पोलादी दांडे असतात आणि दार मिटलं की ते चौकटीत शिरतात. बाहेरची पिन कापून काढली तरी दार तसंच राहतं. बिजागरीने फक्त फिरवावं, राखणीचा भार दुसऱ्याने घ्यावा. घराच्या दाराला हेच करायचं असेल तर एका पानातला एक स्क्रू काढून तिथे लोखंडी खुंटी बसवतात आणि समोरच्या पानात तिच्यासाठी भोक ठेवतात. दार लागलं की खुंटी भोकात जाते. खर्च चहाच्या दोन कपांचा.

आपल्या जुन्या वाड्यांना आणि किल्ल्यांच्या महाद्वारांना अशी पिनेची बिजागरी सहसा नसायची. दाराच्या फळीतूनच वर आणि खाली गोल खुंट काढलेला असायचा. वरचा खुंट चौकटीच्या कड्यात, खालचा उंबरठ्याजवळच्या दगडी खळग्यात. सह्याद्रीतल्या कितीतरी किल्ल्यांत दारं केव्हाच गेली, पण तो खळगा अजून दिसतो, आतून गुळगुळीत झालेला. तिथे बोट घातलं की कळतं, त्या दाराचं सगळं वजन खाली दगडावर टेकलेलं होतं. वरच्या खुंटाला फक्त दार उभं धरायचं होतं. जात्यातही तसंच, खालच्या दगडातली खीळ वरच्या दगडाला जागेवर ठेवते, फिरायचं ते वरच्याने. आपण इंग्रजी वळणाची बिजागरी घेतली तेव्हा दार टेकायचं थांबलं आणि लोंबू लागलं. पातळ पत्र्याच्या नळ्या एकमेकींवर घासत वजन पेलू लागल्या. मग पुढची सुधारणा आली. नळ्यांच्या मध्ये छर्ऱ्यांची चकती, किंवा नळीच्या तळाशी एकच छर्रा आणि त्यावर पिनेचं टोक. आपल्याकडचे वेल्डिंगवाले जुन्या बेअरिंगमधला छर्रा फाटकाच्या नळीत टाकतात, तेव्हा ते नकळत त्या दगडी खळग्याकडेच परत गेलेले असतात. वजन पुन्हा खाली टेकलं. जड फाटक मग एका बोटाने फिरतं. हे काम मला फार मोलाचं वाटतं.

गोठ्याच्या फाटकाचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. फाटक ६० किलोचं, रुंदी १.२ मीटर, वरच्या आणि खालच्या बिजागरीत अंतर १ मीटर. फाटकाचं वजन मध्यावर, म्हणजे खांबापासून ०.६ मीटरवर धरलं तर वरची पिन सतत ३६ किलोच्या जोराने खांबापासून बाहेर ओढली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने आत दाबली जाते. आता २० किलोचं पोर फाटकाच्या टोकाला लोंबकळून झोका घेऊ लागलं, आणि पोरं तो घेणारच, की वरच्या पिनेवर आणखी २४ किलो. एकूण ६० झाले. हेच बिजागऱ्यांमधलं अंतर दीड मीटर ठेवलं असतं तर पोरासकट ४० किलोच झाले असते. वरची पिन आणि नळी मिळून ३ मिलिमीटर झिजली की फाटकाचं टोक ३.६ मिलिमीटर खाली येतं. खालच्यातही तेवढीच झीज झाली तर सातपेक्षा थोडं जास्त. कडी तिथेच चुकते.

त्यात गोठ्याची हवा. शेण-मूत, रोजचं पाणी मारणं, ओल. साध्या लोखंडाची पिन तिथे लवकर गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. नळीत जागा नसते, म्हणून पिन आवळली जाते. आवळलेली पिन फिरत नाही, तरी दार तर ओढलं जातंच. तो जोर मग वेल्डिंगच्या टाक्यावर जातो आणि टाका एक दिवस सुटतो. लोखंडी फाटक अंगावर पडून लहान मूल दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतात. त्या वाचल्या की दोन दिवस दुसरं काही सुचत नाही.

गायी-म्हशींनी एक धडा वेगळाच शिकवला आहे. फाटकाच्या दोन्ही पिना वर तोंड करून खांबाला जोडायच्या आणि फाटक वरून त्यांच्यावर ठेवायचं, ही सोयीची पद्धत. पण म्हैस शिंग घालून मान वर करते आणि फाटक उचलून बाजूला टाकते. उपाय असा की खालची पिन वर तोंडाची आणि वरची खाली तोंडाची ठेवायची. फाटक दोन पिनांच्या मध्ये अडकतं, उचललं जात नाही. किंवा पिनेचं टोक नळीच्या वर काढून त्यात वायसर आणि स्प्लिट पिन घालायची. मला ही दुसरी पद्धत जास्त पटते, कारण ती दुरुस्तीला वाट ठेवते. जनावराला निघत नाही, माणसाला पक्कड घेऊन निघते. चांगल्या पिनेची माझी सगळी अपेक्षा यात येते.

पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काय होतं? फाटक उभं केलं, हललं, म्हणून पिनेच्या डोक्यावर वेल्डिंगचा थेंब सोडला. काम पक्कं झालं म्हणून सगळे खूश. पुढे ती पिन झिजली की ग्राइंडर लावून नळी कापावी लागते, नवी नळी, नवा टाका, रंग उडालेला. वेल्डिंगवाल्याला दोष देणं बरोबर नाही. फाटक किलोवर विकलं जातं. गिऱ्हाईक नक्षी बघतं, भाला बघतं, मोराचं पीस बघतं आणि वजनाचा भाव करतं. पावशेराच्या पिनेसाठी नळीत पितळी बुश घालून, ग्रीसचं भोक पाडून, स्टेनलेसची पिन वापरून त्याने दिवस घालवला तर त्याचे पैसे कोण देणार?

ज्याला पिनेची किंमत रस्त्यावर कळते तो मात्र चुकत नाही. हंगामात सोमेश्वर साखर कारखान्याच्या रस्त्याला लागणारा ट्रॅक्टरवाला ट्रॉली जोडल्यावर हुकाची पिन आणि तिच्या टोकाची क्लिप हाताने चाचपतो. मागे टनावारी ऊस आहे आणि तो एवढ्याशा पिनेवर आहे, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. तोच माणूस घरी येऊन गोठ्याचं फाटक पायाने ढकलतो.

धरणाच्या दारालाही पिनच असते. कोयनेच्या सांडव्यावरच्या सहा दरवाजांसारखे वक्राकार दरवाजे उचलले जातात तेव्हा ते मागच्या बाजूला आडव्या बसवलेल्या जाड पिनांभोवती वळतात. कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम धरणावर १७ जुलै १९९५ रोजी, तलाव जवळजवळ भरलेला असताना, तिसऱ्या क्रमांकाचा दरवाजा उघडताना मोडला. चौकशीत दोष सापडला तो पिनेशी. तिचा व्यास सुमारे ८० सेंटिमीटर. ग्रीस कमी पडत गेलं, गंज धरला, घर्षण वर्षानुवर्षं वाढलं, आणि या घर्षणाचा जोर दरवाजाच्या दांड्यांवर किती येईल याचा हिशेब मूळ आराखड्यात धरलेलाच नव्हता. दांडे वाकले. पाण्यावर ताबा मिळेपर्यंत तलावातलं सुमारे ४० टक्के पाणी निघून गेलं. जीवितहानी झाली नाही. त्यानंतर जगभरच्या धरण अभियंत्यांनी पिनेच्या घर्षणाकडे नव्याने पाहिलं. वीर धरणातून निरेत पाणी सोडल्याची बातमी दर पावसाळ्यात येते तेव्हा आम्ही नदीकाठचे लोक क्युसेकचा आकडा वाचतो. मला त्या दारांना वेळेवर ग्रीस देणाऱ्या माणसांचीही आठवण होते.

बारामतीत अभियांत्रिकी शिकणारी, आयटीआयला जाणारी आमच्या गावची पोरं दरवर्षी प्रकल्प करतात. ड्रोन करतात, सेन्सर बसवतात, ते त्यांनी करावंच. पण एखाद्याने गोठ्याच्या फाटकाची पिन हातात घ्यावी. गंजणार नाही अशी, तळाला छर्रा असलेली, म्हशीला न निघणारी आणि घरच्या बाईला पक्कड घेऊन पाच मिनिटांत काढता येईल अशी. किंमत अशी की वेल्डिंगवाल्याला किलोच्या भावातही ती घालणं परवडावं. अशी पिन कुणी करून दाखवली तर पहिली जोडी मी घेईन, आणि शेजारच्या चार गोठ्यांत स्वतः जाऊन दाखवून येईन.