कापूस हातात असताना

आधी हात धुऊन कोरडे करा. ओल्या हाताला कापूस चिकटतो आणि वातीची नुसती गाठ होते. देवघराच्या फडताळात कापसाची पुडी असेल, त्यातला चिमूटभर घ्या. नसेल तर हात रिकामेच मांडीवर ठेवा, चालेल. बसायला पाट, सतरंजी, पलंगाची कड, जे असेल ते. भिंतीला पाठ टेकली तरी हरकत नाही. दुपारी मैत्रिणी जशा बसतात तसं बसून हे मनन करायचं आहे.

वेळ दुपारची धरू या, नागपूरची दुपार. जेवणं उरकली आहेत, ओटा पुसून झाला आहे, नळ यायला अवकाश आहे. उन्हाळा असेल तर खसाच्या ताट्यांचा ओला वास आणि कूलरची घरघर. हिवाळा असेल तर गच्चीवरच्या उन्हात चटई. महाल भागातलं जुनं घर असो की मनीषनगरातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दार लोटून कुणीतरी आत येतं. "काय करून राहिली वो?" विचारणारीच्या हातात डबा आहे. डब्यात कापूस आहे, अर्ध्या वळलेल्या वाती आहेत आणि कोपऱ्यात कागदात गुंडाळलेली सुपारी आहे. तिला बसा म्हणावं लागत नाही.

आता कापूस तळहातावर ठेवा. काही करू नका. फक्त बघा.

वजन कळत नाही, ऊब तेवढी कळते. दोन बोटांनी तो हळूच उकला आणि एकच तंतू दिसेल इतका पातळ करा. सरकीच्या सालावरची एक पेशी लांबत जाते आणि तिचा हा तंतू होतो. एक तंतू म्हणजे एक पेशी. बोंड मिटलेलं असतं तोवर तो आतून ओला आणि गोल असतो. बोंड उकललं, ऊन लागलं की वाळतो, चपटा होतो आणि वाळता वाळता स्वतःभोवती पीळ घेतो. तो पीळ त्याला कुणी दिलेला नाही. त्याच्यामुळेच एक तंतू दुसऱ्याला धरून राहतो, खळ लागत नाही की गोंद लागत नाही. जेमतेम इंच-सव्वा इंचाचे हे तंतू एकमेकांना धरतात म्हणून लांबच लांब सूत निघतं.

जरा वेळ इथेच राहा. तंतू ओढून बघा. तो सुटताना शेजारच्याला थोडं सोबत ओढतो.

हा कापूस कुणीतरी वेचलेला आहे. वर्ध्याकडे, यवतमाळकडे वेचणीला बहुतेक बायकाच असतात. बोंडाच्या सुकलेल्या पाकळ्यांची टोकं नखांच्या कडेला रुततात, आणि मजुरी मिळते ती किलोवर. वऱ्हाडात वेचणीला हात घालण्याआधी शेतात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग पहिलं बोंड वेचतात. शंभर किलो कापूस जिनिंगमध्ये गेला की रुई निघते साधारण ३३ ते ३५ किलो, बाकी सारी सरकी. तुमच्या तळहातावरच्या चिमूटभर रुईला तुमच्या आधी त्या बाईची बोटं लागली आहेत. तिचं नाव आपल्याला ठाऊक नाही. तिच्यासाठी एक श्वास सावकाश घ्या आणि सोडा.

कापूस नागपूरच्या अंगवळणी पडलेला आहे. इतवारीच्या कोष्ट्यांच्या मागांवर नागपुरी लुगडी निघत. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली, मिलला नाव पडलं ते त्यावरून. मिल गेली, तिच्या जागेवर आता मॉल आहे. कापसावर संशोधन करणारी केंद्रीय संस्थाही १९७६ पासून इथेच आहे. या सगळ्याची नोंद पुस्तकांत सापडते. माजघरात वळलेल्या वातींची सापडणार नाही. माझं मन मात्र त्यांच्यातच अडकलेलं आहे.

आता बोटांना किंचित राख लावा. गोवरीची असेल तर उत्तम, नाहीतर दुधाचा थेंब पुरे. कापूस पसरा, त्यातली काडी, सरकीचं टरफल काढून टाका. फुलवात करायची तर मधोमध चिमटीत धरून वर ओढा आणि पीळ द्या, खाली गोल बूड राहू द्या म्हणजे ती निरांजनात उभी राहील. समईची करायची तर कापूस लांब ओढून डाव्या तळहातावर ठेवा आणि उजव्या हाताने पुढे लोटा. पुढे लोटलं की पीळ बसतो. तसाच हात घासत मागे आणला तर बसलेला पीळ सुटतो. म्हणून हात उचलायचा आणि परत पहिल्या जागी आणायचा.

पुढे लोटा. उचला. परत या.

श्वास मोजायला जाऊ नका. हाताला चाल लागली की श्वास तिच्यामागून आपोआप येतो. वात वाकडी झाली तर बाजूला ठेवा आणि दुसरा कापूस घ्या.

हात असे गुंतले की नजर खाली जाते, आणि नजर खाली गेली की बोलणं सुरू होतं. सुरुवात नेहमी लहान गोष्टींनी होते. सिलिंडर कधी आला, महालक्ष्म्यांसाठी सोळा भाज्या जमल्या का, गुडघ्याला कुठलं तेल लावून राहिली, पोरगा नोकरीसाठी पुण्याला गेला तर आता खोलीत कुणाला ठेवायचं. मधेच कुणी डब्याचं झाकण उघडून आपल्या वाती दाखवते, दुसरी त्या बोटांवर घेऊन बघते आणि "छान झाल्या" म्हणते. मग पुन्हा सिलिंडर. बाहेरून ऐकणाऱ्याला हे सगळं वाया गेलेल्या दुपारीसारखं वाटेल. पण डोळ्यांत डोळे घालून जे सांगवत नाही ते वात वळताना सांगता येतं. ऐकणारीलाही तोंडावर काही आणावं लागत नाही, ती पुढचा कापूस उचलते. कुणीच बोललं नाही तरी अवघडत नाही, कारण हात चालूच असतात.

नागपुरापासून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम आहे. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला गेले. जवळच पवनारला विनोबा टकळीवर सूत काढत. त्या कताईचा ओढा मौनाकडे, प्रार्थनेकडे होता, आणि मला त्या मौनाविषयी मनापासून आदर आहे. तरी महालातल्या माजघरातली ही बडबड मी त्याच्या शेजारी ठेवीन, एक पायरीही खाली ठेवणार नाही.

का, ते एका दुपारीवरून सांगते. आमच्या बसण्यात एक मैत्रीण आहे. तिच्या वाती लांबून ओळखू येत. मऊ, जराशा सैल, टोक डावीकडे कललेलं. एका श्रावणात तिने डबा उघडला तर सगळ्या वाती कडक पिळाच्या. काकूंनी, म्हणजे आमच्यातल्या थोरल्या बाईंनी, त्यातली एक उचलली आणि बोटांत फिरवली. फार पीळ दिलेली वात तेल ओढत नाही. तंतूंमधल्या बारीक फटींतून तेल वर चढतं, त्या फटी बुजल्या की ज्योत खुरटते आणि वात स्वतःच जळायला लागते. काकूंना हे शास्त्रात सांगता आलं नसतं, पण त्यांच्या बोटांना ते कळत होतं. तिच्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "काय झालं वो?"

ती वळत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "छातीत गाठ आहे म्हणते डॉक्टर. घरी कोणाले सांगितलं नाही अजून."

काकूंनी तिच्यापुढचा अर्धा कापूस स्वतःकडे ओढून घेतला. तपासणीला तिच्यासोबत कोण जाईल, त्या दिवशी तिच्या घरी डबा कोण देईल, सासूबाईंना काय सांगायचं, हे सगळं तो कापूस संपेपर्यंत ठरलं. पुढे गाठ साधी निघाली आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण मी परत परत जाते ती त्याच्या आधीच्या क्षणापाशी. चेहरा सांभाळता येतो. "बरी आहे" असं रोज म्हणता येतं, आणि ती ते नवऱ्याला, बहिणीला म्हणतही होती. हाताला ते जमलं नाही. आणि हात ओळखणारी बाई समोर बसली होती. काकूंनी तिच्या बऱ्या दिवसांतल्या वाती इतकी वर्षं पाहिल्या होत्या, काही खास कारण नसताना, सिलिंडरच्या आणि गुडघ्याच्या गप्पा मारता मारता. त्या साध्या दुपारी नसत्या, तर त्या दिवशीची वात काकूंना वाचता आली नसती.

वातींपुरतंच हे नाही. काळजीत विणलेल्या ओळी घट्ट येतात आणि स्वेटरचा गळा पोराच्या डोक्यातून जात नाही, हे विणणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांत, मैत्रिणीच्या लग्नाआधी रात्री जागून केलेल्या रुखवतात, तान्ह्या पोळ्याला लेकराच्या लाकडी नंदीसाठी शिवलेल्या झुलीत, सगळीकडे करणारीचा त्या आठवड्याचा हात उतरलेला असतो.

आता वात खाली ठेवा. हात मोकळे करा. एक मैत्रीण मनात आणा.

चेहऱ्यापासून सुरुवात करू नका, चेहरा घाईने येतो आणि त्याच्यासोबत जुने हिशेबही येतात. हातापासून सुरू करा. तिची बोटं कशी आहेत? सुई धरताना करंगळी कुठे जाते? दोरा दाताने तोडते की कात्री शोधत बसते? आठवत नसेल तर राहू द्या. न आठवणं हेही तिच्याविषयीचंच काहीतरी आहे, ते बघा आणि पुढे चला.

तिने केलेली एखादी वस्तू तुमच्या घरात असेल. उशीचा अभ्रा, मण्यांचं तोरण, लोकरीचे मोजे, जुन्या साडीची पिशवी. ती आत्ता कुठे आहे? उठून आणायची गरज नाही, मनानेच त्या कपाटापाशी जा. समजा तो क्रोशाचा रुमाल आहे. त्याच्या कडेवरून बोट फिरवा. शेवटच्या फेरीचा रंग जरा वेगळा आहे, अर्धी छटा फिकी. आधीची लडी संपली आणि बर्डीच्या बाजारात पुन्हा हुबेहूब तोच रंग मिळाला नाही. ती दुकानात किती वेळ उभी राहिली असेल? उन्हात गेली असेल का? की त्या दिवसांत तिला घराबाहेर पडणं जमतच नव्हतं, आणि कुणीतरी दुसऱ्याने अंदाजाने रंग आणून दिला? उत्तर बनवू नका. प्रश्न तेवढा रुमालाच्या त्या कडेवर राहू द्या. रुमाल हातात पडला तेव्हा आपण "किती सुंदर" म्हणालो होतो आणि घडी घालून ठेवून दिला होता. आता त्या एका फेरीशी थांबा. दोन-तीन श्वास.

जिच्याशी बोलणं तुटलं आहे ती आठवली तरी तिला जायला सांगू नका. जी आता नाही ती आली तरी तिलाही बसू द्या. त्यांच्या हातांनाही काम होतंच.

परत कापूस घ्या.

कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला ७५० वातींची त्रिपुरवात लावायची पद्धत आहे. एकटीने वळायच्या म्हटलं तर दिवसचे दिवस जातात, म्हणून वाटून घेतात. पाच जणी असतील तर वाट्याला १५० येतात. कुणाची सून आजारी पडली, कुणाच्या घरी पाहुणे आले तर तिच्या वाट्याच्या दुसरी वळते, आणि याचा हिशेब ठेवलेला मी कधी पाहिला नाही. सगळ्या तुपात भिजवून एकत्र पेटवतात. पेटल्यावर कुठली कुणाची ते कळत नाही. रुखवतातली वस्तू काचेच्या कपाटात तीस वर्षं राहते आणि आल्यागेल्याला दाखवली जाते, वात एका संध्याकाळी संपते. वाती वळताना चढाओढ लागत नाही, ती बहुधा म्हणूनच.

हातातली ही एक वात आता पुरी करा. आधी जिला मनात आणलं तिच्यासाठी करा, म्हणजे एवढंच की वळताना तिचा आजचा दिवस डोळ्यांपुढे आणा. ती सकाळी किती वाजता उठली असेल, आधी चहा की आधी पाणी भरणं, दुपारी जेवायला सोबत कोण होतं. पुढे लोटा, उचला, परत या. पीळ फार देऊ नका.

झालं की तिला फोन करा. इतक्या दिवसांत का केला नाही याचं कारण सांगत बसू नका. "काय करून राहिली?" इतकंच विचारा. ती मेथी निवडत असेल किंवा ब्लाउजला हूक लावत असेल, तर तिला ते करू द्या. फोन स्पीकरवर ठेवायला सांगा, म्हणजे तिचे दोन्ही हात मोकळे राहतील. तुम्हीही तुमचा उरलेला कापूस पुढ्यात घेऊन बसा.