शेवाळ, क्लोरीन आणि यतना

जैन आचारशास्त्रात शेवाळ ही क्षुल्लक वस्तू नाही. दशवैकालिक सूत्रात साधूने विशेष जपावयाच्या ज्या आठ सूक्ष्म गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत ‘पनक’, म्हणजे ओलाव्यावर धरणारी बुरशी आणि शेवाळ, यांचा समावेश आहे; शिवाय शेवाळाची गणना ‘साधारण वनस्पती’त, म्हणजे एकाच शरीरात अनंत जीव राहतात अशा वर्गात होते. पावसाळ्यात भूमीवर जीव वाढतात म्हणून साधुसाध्वी चातुर्मासात विहार थांबवतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत मंदिरांत श्रावकांची वर्दळ वाढत असताना पायऱ्यांवर हिरवा, बुळबुळीत थर चढतो. तो क्लोरीनच्या तीव्र द्रावणाने मारावा काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ स्वच्छतेचा राहत नाही.

याचे उत्तर मुनींकडून मिळवता येत नाही. त्यांचे अहिंसा महाव्रत मन, वाणी आणि काया यांनी हिंसा करणे, करवणे आणि तिला अनुमोदन देणे या नऊही वाटा बंद करते. त्यामुळे संमतीचा एक शब्दही त्यांना वर्ज्य ठरतो आणि निर्णय विश्वस्तांच्याच गळ्यात राहतो. गृहस्थाचे अणुव्रत सौम्य आहे. घरदार राखताना घडणाऱ्या, ‘आरंभी’ म्हटल्या जाणाऱ्या हिंसेतून तो पूर्णपणे सुटू शकत नाही, हे शास्त्राने मान्य केले आहे. पण या सवलतीपाशीच विचार थांबवणे हा पळपुटेपणा होय, कारण तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्राणहरणाला प्रमादाची, म्हणजे बेसावध वृत्तीची, जोड दिली आहे. तेव्हा खरी परीक्षा द्रावण कसे वापरले जाते येथे होते.

बाजारातील सोडियम हायपोक्लोराइट साधारण 10 टक्के तीव्रतेचे असेल, तर त्याचा एक भाग नऊ भाग पाण्यात मिसळल्यास सुमारे 1 टक्क्याचे द्रावण होते व शेवाळाला बहुधा तेवढे पुरते. कॅन थेट फरशीवर उपडा करणारा मात्र दहापट तीव्र रसायन ओततो. भर दुपारच्या उन्हात ते लवकर विघटित होते आणि वाळते, परिणाम दिसत नाही, म्हणून पुन्हा ओतले जाते. तेच काम सकाळी, थर आधी ब्रशने खरवडून केले तर कमी द्रावणात भागते, कारण सेंद्रिय मळच क्लोरीनचा मोठा वाटा खाऊन टाकतो. जास्तीचे द्रावण पन्हळीतून मातीत उतरते, तेथे द्वींद्रिय गांडूळ असते, पुढे ओढ्यात पंचेंद्रिय मासा आणि बेडूक असतात. एकेंद्रिय शेवाळासाठी मिळालेली सवलत अशा रीतीने, कोणी ठरवले नसताना, वरच्या जीवांपर्यंत पसरते.

या साखळीत माणूसही आहे. डाग हट्टी निघाले की फरशीचे आम्ल त्याच बादलीत मिसळले जाते. त्यातून निघणारा क्लोरीन वायू हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्यामुळे भुयारी गाभाऱ्यासारख्या खोलगट जागी साचतो आणि वाकून घासणाऱ्याच्या फुप्फुसात जातो. त्याला हातमोजे, चष्मा, गमबूट न देता कामाला लावणारा श्रावक स्वतः बादलीला शिवलेला नसतो, पण ‘कारित’ हिंसेचा, म्हणजे दुसऱ्याकडून करवलेल्या हिंसेचा, दोष त्याच्याकडे येतोच. बाटलीवरील सूचना पाळणे म्हणजे यतनाच, जपून वागण्याचे ते व्रत, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

जैन परंपरेचा कल मात्र याच्याही आधीच्या टप्प्याकडे, जीवोत्पत्ती होऊच न देण्याकडे, आहे. पागोळ्यांचे पाणी पन्हळ लावून दूर नेणे, फरशीला उतार देणे, साचलेले पाणी रोज निपटणे ही कामे ज्येष्ठातच उरकली तर श्रावणात कॅन उघडण्याचे प्रसंग कमी येतात. आणि अंगणाच्या ज्या कोपऱ्यात कोणी चालत नाही, तेथील शेवाळ दोरी बांधून ऊन पडेपर्यंत तसेच राहू द्यायला हरकत नसते. वृद्ध यात्रेकरू जेथून चढतात त्या पायऱ्यांना ही मोकळीक देता येत नाही.