टिपेचें वळण आणि टिपेचें सत्य

ग्रंथ एकानें लिहावा, त्यावर टीप दुसऱ्यानें द्यावी, आणि पुढें ती टीप नीटनेटकी करण्याचें काम तिसऱ्याच्या वांट्यास यावें, हा प्रकार आपणांस नवा नाहीं. मूळ कर्ता आपल्या विधानास बांधलेला असतो. टीपकार आपण सांगितलेल्या अर्थास बांधलेला असतो. परंतु ज्यानें केवळ लेखनाचें वळण बदललें, त्यानें स्वतः कांहींच म्हटलेलें नाहीं, म्हणून तो सर्व जबाबदारींतून मोकळा, असें आपण सहज मानतों. ही समजूत कितपत योग्य आहे, हें तपासण्यास आजच्या काळांतील एक उदाहरण फार सोयीचें आहे. तें ग्रंथांचें नसून संगणकाच्या आज्ञावलींचें आहे.

मनुष्यास समजेल अशा भाषेंत लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेंत उतरविणाऱ्या आज्ञावलीस कंपायलर म्हणतात. कंपायलर हा स्वतःही लक्षावधि ओळींचा एक ग्रंथच असतो. एलएलव्हीएम या नांवाचा असा एक मोठा प्रकल्प अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत ख्रिस लॅटनर व विक्रम अडवे यांनीं २००० सालीं सुरू केला. सी++, स्विफ्ट, रस्ट अशा अनेक भाषांचें यंत्रभाषेंत रूपांतर आज त्याच्या आधारानें होतें. त्याच्या मूळ लेखनांत ठिकठिकाणीं माणसांसाठीं टिपा लिहिलेल्या असतात: हा भाग काय करतो, त्यास काय द्यावें, तो काय परत देतो.

या टिपांचा विशेष असा कीं, यंत्र त्यांना मानीत नाहीं; त्या गाळूनच तें पुढें जातें. आज्ञेंत चूक झाली तर यंत्र अडतें, चांचणी फसते, कोणाचें तरी लक्ष वेधतें. टीप खोटी ठरली तर कांहींच घडत नाहीं. एलएलव्हीएमवरच उभारलेला क्लँग नांवाचा कंपायलर टिपेंतील नांवें आज्ञेंतील नांवांशीं जुळतात कीं नाहीं, एवढा इशारा देऊं शकतो. परंतु टिपेंत सांगितलेली गोष्ट खरी कीं खोटी, हें तो पाहूं शकत नाहीं. म्हणजे येथें सत्याचें रक्षण करणारें न्यायालय एकच, आणि तें म्हणजे लिहिणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धि.

आतां वळणाचें पाहूं. एलएलव्हीएमच्या जुन्या लेखनांत टिपेच्या आरंभीं त्या भागाचें नांव पुनः लिहून, पुढें आडवी रेघ ओढून, मग वर्णन करण्याची चाल होती. प्रकल्पाच्या लेखननियमांनीं पुढें ती मोडून काढली. कारण नांव तर लागलीच खालच्या ओळींत असतें. दारावर 'हें दार आहे' अशी पाटी लावण्यानें काय साधणार? अन्यत्र याहून मौजेचे मतभेद आढळतात. पायथॉन भाषेच्या २००१ सालच्या नियमांनीं टीप आज्ञार्थीं लिहावी, म्हणजे 'अमुक परत दे' असें म्हणावें, असें ठरविलें. रस्ट आणि जावा यांच्या मंडळींनीं नेमकें उलट, म्हणजे 'अमुक परत देतें' असें वर्णन करण्यास सांगितलें. दोन्ही पक्षांचे व्यवहार सुखेनैव चालले आहेत! यावरून उघड होतें कीं, वळण हा आचार आहे. सत्य ही त्याहून निराळी गोष्ट आहे.

मग आचारास किंमत नाहीं काय? अवश्य आहे. नव्यानें कामास लागलेल्या तरुणास प्रत्येक पानावर निराळी तऱ्हा भेटली, तर त्याची निम्मी शक्ति ती तऱ्हा ओळखण्यांतच खर्च होते. एकसारखें वळण हें वाचकाविषयींचें सौजन्य आहे. प्रश्न एवढाच कीं, या सौजन्याच्या भरांत आपण वाचकास फसवीत तर नाहीं ना?

समजा, एका टिपेंत म्हटलें आहे कीं, शोधलेली वस्तु न सांपडल्यास हा भाग शून्य परत देतो. पांच वर्षांपूर्वीं कोणीं तरी आज्ञा बदलली. आतां तो उणें एक देतो. टीप मात्र तशीच राहिली. जोंवर ती जुन्या वळणांत होती, तोंवर तिचें जुनेपणच वाचकास सावध करीत होतें. मग सुधारक येतो, शेंकडों टिपांना एका दमांत नवें वळण लावितो, आणि ती शिळी टीप ताज्या पोषाखांत उभी राहते. त्यानें असत्य लिहिलें नाहीं, हें खरें. परंतु असत्याच्या अंगावरील धूळ त्यानें झटकली. त्या टिपेवर विसंबणारा तरुण यापुढें निर्धास्तपणें चुकणार. आणि कंपायलर हा सर्वांच्या पाण्याचा आड आहे. आडांत जें मिसळलें तें प्रत्येक पोहऱ्यांत येणारच.

शिवाय नोंदीचाही प्रश्न आहे. गिट नांवाची जी नोंदवही अशा कामांत वापरतात, ती विचारल्यास प्रत्येक ओळीस शेवटीं हात लावणाऱ्याचें नांव सांगते. वळण बदलणाऱ्याचें नांव वर येतें आणि ज्यास अर्थ ठाऊक होता त्याचें नांव त्याखालीं दडतें. शंका विचारणारा चुकीच्या दारीं जातो.

या दृष्टीनें एलएलव्हीएमचा नियम मननीय आहे. सर्व लेखन हळूहळू एका पद्धतीचें व्हावें, हें ध्येय तो मान्य करतो. परंतु केवळ त्यासाठीं सरसकट फेरबदल नकोत, असेंही बजावतो. दुसऱ्या कांहीं कामानिमित्त त्या भागांत हात घालाल तेव्हां रूप सुधारा, आणि ती सुधारणा वेगळी नोंदवा. मला यांतील मर्म असें दिसतें कीं, जो कामासाठीं आंत शिरला आहे, त्यास अर्थ समजून घ्यावाच लागतो. गिटनेंही २०१९ सालच्या २.२३ या आवृत्तींत अशी सोय केली कीं, केवळ रूपाचे बदल यादींत नमूद केल्यास त्यांना ओलांडून मागच्या लेखकाचें नांव पाहतां यावें.

कोणी म्हणेल, हजारों टिपांचा अर्थ पडताळीत बसलें तर जन्म पुरणार नाहीं. आक्षेप रास्त आहे. परंतु प्रामाणिकपणाचे दोन मार्ग मोकळे आहेतच: वाचून हमी घ्यावी, किंवा हमी घेतली नाहीं असें उघड सांगावें. मुकाट्यानें रूप बदलून हमीचा आभास ठेवणें, हा तिसरा मार्ग तेवढा वर्ज्य आहे.

आपल्याकडे एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हां त्या शुद्धीची नोंद त्यांनीं आपल्या नांवानिशीं व शकानिशीं केली, आणि तींत कोणीं आपली भर घालूं नये, असेंही बजावून ठेविलें. काय केलें, केव्हां केलें, कोणीं केलें, हें वाचकापासून लपविलें नाहीं. ज्ञानेश्वरीची योग्यता कंपायलरच्या टिपांना नाहीं, हें सांगणें नकोच. तथापि दुसऱ्याच्या शब्दांस हात लावणाऱ्याचें कर्तव्य दोन्ही ठिकाणीं एकच आहे. शब्द दुसऱ्याचे असले, तरी ते आपल्या हातून पुढें जातात; आणि पुढचा वाचक त्या हातावरच विश्वास ठेवीत असतो.