प्रमाण, प्रतिज्ञा आणि सत्य

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात एक वचन असे आहे की, त्याच्या पूर्वार्धाने मन जितके आश्वस्त होते तितकेच ते उत्तरार्धाने अस्वस्थ होते. राजाने वादी-प्रतिवादींचे छल बाजूस सारावेत आणि वस्तुस्थिती पाहून निवाडा करावा, असे स्मृतिकार प्रथम सांगतात. आणि तो उपदेश पुरता मनात ठसतो न ठसतो तोच ते बजावतात की, खरी असलेली गोष्टसुद्धा रीतसर मांडली गेली नाही तर व्यवहारात तिचा पराभव होतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या छत्राखाली विज्ञानेश्वराने ज्या स्मृतीवर मिताक्षरा लिहिली, आणि जिच्या आधारे महाराष्ट्रातील कुटुंबांच्या वाटण्या व वारसाहक्क शतकानुशतके ठरत आले, त्या स्मृतीने हा विरोध लपविलेला नाही, हे तिचे मोठेपण आहे. सत्य हेच न्यायाचे साध्य असूनही ते अप्रकट राहिल्यास न्यायाधीश त्याला शरण जाऊ शकत नाही, हा सिद्धान्त १९३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही निराळ्या शब्दांत सांगितला: जी गोष्ट पक्षकाराने आपल्या कैफियतीत घेतलीच नाही, तिच्याविषयी कितीही पुरावा आला तरी तो विचारात घेता येत नाही. यातून जो प्रश्न उभा राहतो तो कायद्याच्या पुस्तकात मावणारा नाही. मांडता आले नाही म्हणून जे सत्य हरले, त्याचे उत्तरदायित्व कोणावर? आणि उत्तम मांडले गेले म्हणून जे असत्य जिंकले, त्याचे पाप हुकूमनाम्याने धुऊन निघते काय?

हा प्रश्न नाशिकात बसून विचारण्यास विशेष औचित्य आहे. गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या या क्षेत्रातील ब्रह्मवृंदाकडे, पैठण व कऱ्हाड येथल्याप्रमाणेच, मराठेशाहीत धर्मनिर्णयासाठी प्रकरणे येत असत. त्या काळच्या न्यायपद्धतीत वादी-प्रतिवादींच्या तकरिरी घेतल्या जात, निवाडा मान्य करू असे त्यांच्याकडून आधी लिहून घेतले जाई, गोतसभेपुढे साक्षीदार तपासले जात, महजर म्हणजे सभेचे निवाडपत्र होई, आणि हरलेला पक्ष येजितखत लिहून देऊन आपला पराभव स्वतःच्या अक्षराने कबूल करी. स्मृतींनी सांगितलेली लेख, भुक्ती (वहिवाट) आणि साक्षी ही तीन मानुष प्रमाणे तेव्हाही मुख्य होती. परंतु ती तिन्ही जेथे थकत, तेथे दिव्य पुढे येई. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढावयाचा, हात बांधून त्यावर मोहर करावयाची, आणि नेमल्या दिवशी तो सर्वांसमक्ष उघडून पाहावयाचा. किंवा नदीच्या पात्रात उभे राहून तिला साक्ष ठेवून बोलावयाचे. आजच्या माणसाला यातील क्रौर्य प्रथम दिसते, आणि ते दिसलेही पाहिजे. तथापि त्यामागील तत्त्वविचार दुर्लक्षिण्याजोगा नाही. मानवी बुद्धीची मर्यादा जेथे संपते तेथे निवाड्याचा भार ईश्वराने उचलावा, अशी ती प्रार्थना होती. तिच्यातील दोष असा की, माणसाने आपल्या अज्ञानाची जबाबदारी देवावर टाकली आणि जळलेल्या हातावरून देवाचे मत वाचण्याचा अधिकार मात्र स्वतःकडेच ठेवला.

इंग्रजी अमलात दिव्य गेले. त्याची छाया मात्र अनपेक्षित दीर्घकाळ टिकली. १८७२ चा पुराव्याचा कायदा झाल्यावर पुढच्याच वर्षी जो शपथांचा कायदा झाला, त्यात अशी तरतूद होती की, प्रतिपक्षाने अमुक एक विशेष शपथ घेऊन सांगितले तर ते आपल्यावर बंधनकारक राहील, असे एखाद्या पक्षकाराने म्हटल्यास न्यायालयाला ती शपथ देण्याची तजवीज करता यावी आणि त्या शपथेवर जे सांगितले जाईल ते त्या मुद्द्यापुरते निर्णायक मानावे. शपथ न्यायाला व सभ्यतेला सोडून नसावी आणि तिऱ्हाइताला बाधक नसावी, एवढेच बंधन होते; एरवी ती देवालयातही घेता येई. म्हणजे दिवाणी अदालतीच्या ऐन मध्यभागी ईश्वरसाक्षीने वाद तोडण्याचा एक दरवाजा शंभर वर्षांच्या आसपास उघडा होता. १९६९ च्या शपथ अधिनियमाने तो बंद केला. आज साक्षीदार ईश्वराला स्मरून शपथ घेतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो, आणि दोहोंचे वजन सारखेच. याच अधिनियमात दोन कलमे लागोपाठ आहेत, ती मला कोणत्याही धर्मवचनाइतकी मननीय वाटतात. एक सांगते की, शपथ देण्यात उणीव राहिली तरी तेवढ्याने साक्ष निरर्थक ठरत नाही. दुसरे सांगते की, साक्ष देणारा प्रत्येक मनुष्य सत्य सांगण्यास बांधलेला आहे. सत्याचे बंधन शपथेतून जन्मत नाही. शपथेच्या आधीपासून ते माणसावर आहेच, आणि शपथ केवळ त्याचे स्मरण देते, असा याचा अर्थ होतो. जो भार एके काळी गोदावरीवर टाकला जाई, तो कायद्याने अशा रीतीने माणसाच्या अंतःकरणावर परत ठेवला आहे.

रीत आणि सत्य यांचा संबंध जुळवून पाहण्याचा एक थोर प्रयत्न ज्यांच्या हातून झाला, ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे याच जिल्ह्यातील निफाडचे. १८४२ साली त्यांचा जन्म तेथे झाला, आणि १८७८ मध्ये न्यायखात्यातील बदलीने ते नाशिकास आले. त्याच्या तीनच वर्षे आधी सुपे येथून उसळलेल्या दंग्यांत दख्खनच्या कुणब्यांनी सावकारांची कर्जखते जाळली होती. खत खोटे असले तरी अंगठा खरा होता, आणि कोर्ट अंगठा पाहून हुकूमनामा देत असे. रयतेच्या दृष्टीने रीतीने सत्याचा गळा घोटला होता. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, जो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू झाला, त्याने न्यायाधीशाला आज्ञा केली की, खताच्या शब्दांवर न थांबता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा. या कायद्याच्या अंमलबजावणीत रानडे यांनी विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. प्रार्थनासमाजाच्या ईश्वरनिष्ठेत मुरलेल्या या पुरुषाला खताच्या मागचा मनुष्य पाहणे हा धर्माचाच भाग वाटला असला पाहिजे. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, त्या कायद्याने रीत मोडली नाही. त्याने अधिक कष्टाची आणि अधिक सत्यशोधक अशी दुसरी रीत घालून दिली.

आणि रीत हीच दुर्बलाची ढाल कशी होते, याचे उदाहरणही महाराष्ट्रातच घडले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांना मज्जाव असलेल्या महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडच्या कोर्टात त्यांच्याविरुद्ध दावा दाखल झाला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. त्याच महिन्यात महाडास भरलेल्या परिषदेसाठी हजारो लोक जमलेले असताना, आणि तळे समोर असताना, बाबासाहेबांनी तो हुकूम मानला. लौकिक दृष्टीला ही माघार वाटेल. माझ्या मते तो एका असामान्य निष्ठेचा क्षण होता, कारण ज्या न्यायासनाने अद्याप काहीच दिले नव्हते, त्याच्यापुढे आपले सत्य सिद्ध होईपर्यंत थांबण्याचे धैर्य त्यात होते. १९३१ मध्ये दावा निकालात निघाला, अपिले झाली, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा निर्णय दिला. वादींचे म्हणणे असे की, अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे. न्यायालयाने म्हटले की, अनादित्व सिद्ध करण्याचा भार ती रूढी सांगणाऱ्यावर आहे आणि तो भार त्याने पेललेला नाही. दरम्यान आमच्या नाशकात २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालला. मंदिराचे दार त्या सत्याग्रहाला उघडता आले नाही. महाडात मात्र ज्या रूढीला सनातन म्हणून पुजले जात होते, तिला प्रमाण विचारताच ती निरुत्तर झाली, हे काम सिद्धिभाराच्या एका रुक्ष वाटणाऱ्या नियमाने केले. दहा वर्षांचा तो विलंब ही त्या विजयाची वेदना आहे, आणि ती विसरता येत नाही.

अलीकडच्या सुधारणांकडे मी याच दृष्टीने पाहतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ पासून सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होऊ लागली. वेळ वाचावा हा हेतू रास्त आहे. परंतु पूर्वी साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून स्वतःच्या वाणीने जे सांगे, ते आता वकिलाच्या कचेरीत वकिलाच्या भाषेत लिहिले जाते आणि साक्षीदार त्याखाली सही करतो. म्हणून त्या प्रतिज्ञेत वकील सहभागी झाला आहे, असे मी मानतो. उलटतपासणीत साक्षीदार अडखळला तर दोष त्याच्या एकट्याचा राहत नाही.

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली आहे. त्यातील कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याचे दोन भाग आहेत: एक नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात त्या नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्यात एका अक्षराचाही फेर झाला तर बदलणारा तिचा अंकीय ठसा, नमूद करावा लागतो. पिंपळगाव किंवा दिंडोरीकडील द्राक्षबागायतदार माल देतो, व्यापारी पैसे बुडवून परागंदा होतो, आणि शेतकऱ्याजवळ मोबाइलमधील संदेशांवाचून दुसरा कागद नसतो. अशा मनुष्याचे सत्य या प्रमाणपत्रावाचून याज्ञवल्क्यांनी म्हटल्याप्रमाणे खरे असूनही हरू शकेल. त्या प्रमाणपत्राचे महत्त्व त्याला वेळेवर सांगणे हे वकिलाचे धर्मकर्तव्य आहे. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी, जुन्या कायद्याखाली, असे प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले. त्याच निर्णयात न्यायालयाने हेही म्हटले की, ज्याने ते मिळविण्यासाठी शक्य ते सर्व केले आणि ज्यांच्या हाती ते होते त्यांनी दिले नाही, त्याला अशक्य गोष्टीसाठी दंडित करता येणार नाही. कठोर नियमाच्या पोटात दयेला अशी जागा ठेवणारे न्यायशास्त्र मला धर्माच्या फार निकटचे वाटते.

राहता राहिला खर्चाचा विषय. मराठेशाहीत जिंकणाऱ्याकडून हरकी (नजराणा) आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी (दंड) घेतली जाई, आणि ती सरकारात जमा होई. ज्याला विनाकारण कोर्टात ओढले त्याची भरपाई व्हावी, हा विचार आजच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. परंतु खोट्या व त्रासदायक दाव्याबद्दल कलम ३५-अ खाली जी जादा भरपाई देता येते, तिची कमाल मर्यादा तीन हजार रुपये आहे, आणि ती १९७६ पासून बदललेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सालेम वकील संघाच्या प्रकरणात खर्च वास्तव असावा असे म्हटले, २०१२ मध्ये विधि आयोगाने आपला २४० वा अहवाल याच विषयाला वाहिला, आणि २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय अधिनियमाने त्या न्यायालयांपुरता नवा नियम केला: हरणाऱ्याने खर्च द्यावा हा सर्वसाधारण नियम, आणि तो ठरविताना पक्षकारांचे वर्तन व वाजवी तडजोड कोणी नाकारली हे पाहावे. वर्तनाकडे पाहणे म्हणजे निकालापलीकडे जाऊन माणसाचा सत्याशी व्यवहार कसा होता ते पाहणे होय. हा विवेक द्राक्षांच्या आणि वाटपाच्या सामान्य दाव्यांना अद्याप लाभलेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे. खोट्या दाव्याची किंमत तीन हजार रुपये ठेवणारा कायदा असत्याला परवडणारा ठेवतो, आणि दुसऱ्याच्या आयुष्याची वर्षे खाणारी तहकुबी ही हिंसेचाच एक प्रकार आहे.

प्रारंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. न्यायालय सत्य निर्माण करीत नाही. ते आपल्यापुढे आलेल्या प्रमाणांवरून निर्णय देते, आणि आपले अज्ञान ओळखून स्वतःला नियमांनी बांधून घेते. हा त्याचा विनय आहे. म्हणून हुकूमनामा ताबा देतो, हक्क देतो, शांतता देतो. पापमुक्ती देत नाही. जिंकलेला असत्यवादी अंतर्यामी हरलेलाच असतो, आणि मांडणीअभावी हरलेल्या सत्याचे ऋण ज्यांनी ते मांडावयाचे होते त्यांच्यावर राहते. विज्ञानेश्वरापासून रानड्यांपर्यंत सर्वांनी सत्याला रीत दिली, ती सत्य सोपे व्हावे म्हणून नव्हे, तर सबळाच्या लहरीपासून त्याचे रक्षण व्हावे म्हणून. नाशिकच्या आणि महाराष्ट्राच्या वकीलबंधुभगिनींना माझी विनंती आहे की, आपल्या हातून लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतिज्ञापत्राचे आपणही अंशतः शपथकर्ते आहोत असे समजावे, पक्षकाराचे खरे तेवढेच आणि खरे ते सगळे वेळेवर मांडावे, आणि जेथे पक्षकार खोटे मांडा म्हणेल तेथे वकीलपत्र परत करावे.