दहा लाखांची मिजास

दहा लाख भरीन, पण बंधपत्राचं वर्ष खेड्यात काढणार नाही, असं परवा चारचौघांत म्हणालास. वर हसलास. मास्तर म्हातारा झालाय, बहिरा नाही. बस खाली आणि ऐक.

शिकलास सरकारी कॉलेजात. एमबीबीएसनंतर एक वर्ष सरकारी सेवा, नाही तर दहा लाख दंड, ही अट प्रवेश घेतानाच होती आणि तिच्याखाली सही तुझी होती. आता दंड भरणार कशातून? बापाचं वावर विकून? नापास होणाऱ्या पोरांना मी छड्या मारल्या, पण दिलेला शब्द पैशानं फेडायला निघालेला पोरगा माझ्या वर्गातून जावा, याची जास्त लाज वाटते.

म्हणे आपल्या आर्वीत स्कोप नाही. उपजिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत सोमवारी सकाळी जाऊन उभा राहा. साप चावलेला, फवारणीतून विषबाधा झालेला, पहिलटकरीण, सगळे एका रांगेत. त्याच रांगेत फौजेतून निवृत्त झालेला हवालदारही सापडेल. पंधरा ऑगस्टला तू त्याच्यासोबत फोटो काढून स्टेटसला टाकतोस. त्याचं ब्लडप्रेशर कधी मोजलंस?

माजी सैनिकांसाठी 1 एप्रिल 2003 पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. बहुतेकांनी निवृत्त होताना स्वतःच्या पैशातून वर्गणी भरून तिचं कार्ड घेतलंय, कुणी उपकार केलेले नाहीत. पण पॅनेलवरच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं, तर एरवी आधी पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरनं तपासून रेफरल लिहावं लागतं. डॉक्टरची खुर्ची रिकामी असली की कार्ड खिशातच राहतं. कामठीचं मिलिटरी हॉस्पिटल तर नागपूरच्याही पलीकडे. रात्री दोन वाजता छातीत कळ आली, तर हा माणूस कामठीला पोचेल की आर्वीच्या सरकारी दवाखान्यात येईल? तू डॉक्टर आहेस ना, सांग.

पुलगाव इथून तासाभरावर. 31 मे 2016 च्या पहाटे तिथल्या लष्करी दारूगोळा भांडारात आग लागली, अधिकारी आणि अग्निशमनचे जवान जळून गेले. आगीच्या तोंडी उभं राहताना त्यांनी स्कोप विचारला नव्हता.

आणि सेवाग्राम? आपल्याच जिल्ह्यातलं. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये तिथं मेडिकल कॉलेज काढलं. 1992 मध्ये नियमच केला, की पदव्युत्तर प्रवेश हवा तर आधी दोन वर्षं खेड्यात काम. दोन वर्षं, कळलं? तुला एक जड जातंय.

भरती करणाऱ्यांनाही मी सोडत नाही. अकरा महिन्यांचं कंत्राट, थकलेला पगार, राहायला गळकं क्वार्टर, आणि वर जाहिरातीला अर्ज येत नाहीत म्हणून रडगाणं. नर्स आणि फार्मासिस्टची तर कुणी आठवणही काढत नाही; दवाखाना जणू एकटा डॉक्टरच चालवतो! याविरुद्ध भांड. तुझ्या निवेदनावर पहिली सही माझी. पण भांडायचं ते रुजू होऊन, पुण्यात बसून नाही.

पसंतीक्रम भरायचा असेल तेव्हा आर्वी पहिल्या क्रमांकावर लिही. क्वार्टर मिळेपर्यंत आमची माडी रिकामी आहे. जेवणाचे पैसे घेईन.