अंजिरांची चकती आणि कांजिण्यांचें दुखणें

शास्त्रभाग : दुसरे राजे, अध्याय २०, ओव्या १ ते ७.



यहूदाचा राजा हिज्कीया मरणाच्या दुखण्यानें पडला, तेव्हां त्यानें भिंतीकडे तोंड फिरवून रडत प्रार्थना केली. देवानें ती ऐकली, आणि यशया संदेष्ट्याच्या मुखानें त्यास आणखी पंधरा वर्षें आयुष्य देऊं केलें. येवढ्यावर ही गोष्ट संपली असती, तर कोणी म्हणाला असता कीं, प्रार्थना ऐकली गेली, आतां औषधाचें काय काम? परंतु त्याच संदेष्ट्यानें अंजिरांची चकती आणावयास सांगितली. ती राजाच्या गळवावर बांधली, आणि तो बरा झाला. ज्या मुखानें देवाचें वचन सांगितलें त्याच मुखानें लेपही सांगितला. ह्या दोहोंत संदेष्ट्यास विरोध दिसला नाहीं. मग आपणांस तो कां दिसावा?

हा प्रश्न आम्ही आज विचारतों ह्यास कारण आहे. हिवाळ्याच्या अखेरीस व उन्हाळ्याच्या आरंभीं खेड्यापाड्यांत कांजिण्यांची सांथ फिरते. लेंकराच्या अंगावर फोड उठले कीं शेजारच्या बाया म्हणतात, "आई आली आहे, औषध देऊं नका, न्हाऊं घालूं नका." घर ख्रिस्ती असलें तर भाऊबंद आणखी एक शब्द जोडतात : "देवीला सोडलेंत, म्हणून हा कोप." तो शब्द मातेच्या काळजांत रुततो. मग कोणी घाबरून चोरून नवस बोलतो. दुसरा कोणी म्हणतो, "आम्ही केवळ प्रार्थना करूं, दवाखान्यांत जाणें हा अविश्वास होय." ह्या दोन वाटा निराळ्या दिसतात खऱ्या, परंतु दोहोंच्या शेवटीं लेंकरूं औषधावांचून राहतें.

बंधूंनो, कांजिण्या हा कोप नव्हे. डोळ्यांस न दिसणाऱ्या एका सूक्ष्म विषाणूपासून हा रोग होतो. रोग्याच्या श्वासानें, खोकल्यानें व फोडांतील पाण्याच्या स्पर्शानें तो दुसऱ्यास लागतो, आणि लागल्यापासून १० ते २१ दिवसांनीं अंगावर दिसतो. प्रथम बहुधा ताप येतो. मग छाती, पाठ व तोंड ह्यांवर तांबडे पुरळ उठतात, त्यांत पाणी भरतें, आणि शेवटीं खपली धरते. जुने सुकत असतां नवे उठतात. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीं विचारिलें कीं पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? प्रभूनें दोन्ही उत्तरें नाकारिलीं. मग आजारी लेंकराच्या खाटेजवळ तोच प्रश्न आपण पुन्हां कां मांडावा?

भाऊबंदांशीं मात्र भांडूं नये. त्यांच्या भीतीचें मूळ जुनें आहे. देवी नांवाच्या भयंकर रोगानें पूर्वीं असंख्य माणसें मेलीं, कित्येक आंधळीं झालीं. आणि त्या रोगाची भीति ह्या निराळ्या व बहुधा सौम्य रोगासही चिकटली. सन १७९६ सालीं इंग्लंडांत जेन्नर वैद्यानें देवीच्या लसीचा प्रयोग केला. सन १८०२ च्या जून महिन्यांत मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचली. हिंदुस्थानांत ती लस प्रथम हिलाच लागू पडली. सन १९७५ नंतर ह्या देशांत देवीचा रोगी आढळला नाहीं, आणि सन १९८० सालीं तो रोग पृथ्वीवरून गेल्याचें जाहीर झालें. देवाच्या कृपेनें व मनुष्यांच्या श्रमानें हें घडलें. दारावर लिंबाचा पाला बांधण्याच्या चालीसही आम्ही हंसत नाहीं. तो पाहून परका मनुष्य घरांत शिरत नसे, हा लाभच होता. पण पाला औषधाच्या जागीं ठेवूं नये.

आतां, मातांनो, घरीं काय करावें तें ऐका. लेंकराचीं नखें कापावीं, म्हणजे खाजवून जखमा होणार नाहींत. कोमट पाण्यानें न्हाऊं घालावें, आणि अंग न घांसतां मऊ फडक्यानें टिपावें. सुती व सैल कपडे घालावे. खाजेवर कॅलामाईनचें औषध लावावें. पाणी, ताक, पेज पुष्कळ द्यावी. जेवण बंद करूं नये. तापास पॅरासिटामॉल चालतें, परंतु वय व वजन पाहून किती द्यावें हें विचारून घ्यावें. अ‍ॅस्पिरीन मुळींच देऊं नये. ह्या रोगांत त्यापासून लेंकराच्या मेंदूस व यकृतास क्वचित् प्राणघातक इजा होते. आयबुप्रोफेनही डॉक्टरांच्या सांगण्यावांचून देऊं नये.

बहुतेक मुलें ह्या उपचारानें बरीं होतात. परंतु फोडांभोंवतीं लाली, सूज किंवा पू झाला, ताप चार दिवसांहून अधिक राहिला, श्वास लागूं लागला, वारंवार वांती झाली, मान ताठली, लेंकरूं गुंगींत गेलें किंवा चालतां झोक जाऊं लागला, तर क्षणभरही थांबूं नये. महाराष्ट्रांत १०८ ह्या क्रमांकावर गाडी बोलवावी. मोठ्या माणसांस, गरोदर स्त्रियांस, तान्ह्या बाळांस व ज्यांची रोगप्रतिकाराची शक्ति क्षीण आहे त्यांस हा रोग कठीण जातो. त्यांनीं पुरळ दिसतांच जावें. कारण असायक्लोव्हिर नांवाचें औषध पहिल्या २४ तासांत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरतें. तीन दिवस नवसांत गेले काय किंवा संकोचांत गेले काय, ते परत येत नाहींत.

जावें कोठें? गांवच्या आशा स्वयंसेविकेस प्रथम सांगा. ती उपकेंद्राची किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवील. गांवच्या साध्या बाईच्या हातून हें कार्य कितपत होईल अशी शंका कोणी घेऊं नये. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्यानें सन १९७० सालीं जामखेड येथें काम आरंभिलें, आणि निरक्षर स्त्रियांसही शिकवून गांवोगांवच्या आरोग्यसेविका केलें. कांजिण्यांची लसही आतां आहे. जपानांत ताकाहाशी नांवाच्या वैद्यानें सन १९७४ सालीं ती तयार केली. आपल्या मुलांस ती केव्हां व कोठें मिळेल हें डॉक्टरांस विचारावें. गरोदर स्त्रीस मात्र ती देत नाहींत.

शेवटीं प्रचारक बंधूंस एक विनंति. लेवीय पुस्तकांत त्वचेचा संशय असलेल्या मनुष्यास सात दिवस वेगळें ठेवण्यास सांगितलें आहे; आणि त्यास पाहावयास याजकानें स्वतः छावणीबाहेर जावें असेंही सांगितलें आहे. वेगळें ठेवणें म्हणजे टाकून देणें नव्हे. पुरळ उठण्याच्या एक दोन दिवस आधींपासून सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत हा रोग दुसऱ्यास लागतो. म्हणून तोंवर त्या घरच्या लेंकरास शाळेंत व उपासनेस आणूं नये, आणि न आणल्याबद्दल कोणी बोल लावूं नये. ज्यास कांजिण्या येऊन गेल्या आहेत अशा मनुष्यानें त्या घरीं जावें, पाणी भरावें, भाकर पोंचवावी, आईस घटकाभर झोंप घेऊं द्यावी. पूर्वीं कांजिण्या न झालेली गरोदर बहीण शेजारीं असेल तर तिला आधीं सावध करा. रोग्याशीं तिचा संबंध आला असेल तर पुरळाची वाट न पाहतां त्याच दिवशीं तिला दवाखान्यांत न्या. रोग लपविला तर पहिला घाव अशाच कोणा बहिणीवर पडेल.

तर प्रियजनहो, लेंकरूं आजारी पडतांच गुडघे टेका, आणि उठल्याबरोबर त्यास कडेवर घेऊन दवाखान्याची वाट धरा. शेजाऱ्याचें लेंकरूं असेल तरी तसेंच करा. तें कोणत्या देवळांत जातें हें विचारूं नका. ज्या पित्यानें हिज्कीयाचे अश्रु पाहिले तो तुमचेही पाहतो. तो तुमच्या घरांचें व लेंकरांचें रक्षण करो. आमेन.