मलंगगडावरची समाधी कोणाची?

कल्याण पूर्वेतून नेवाळीच्या रस्त्याला लागलं की मलंगगडाचा कातळ समोर येतो. डोंबिवली-अंबरनाथच्या गच्च्यांवरूनही तो ओळखू येतो. गडाच्या पीर माचीवर एका पुण्यपुरुषाचं विश्रांतिस्थान आहे. हिंदू भाविकांसाठी ती मच्छिंद्रनाथांची समाधी, मुसलमानांसाठी हाजी अब्दुर रहमान यांचा दर्गा. माघ पौर्णिमेला पालखी निघते, तेव्हा गर्दी दोघांचीही असते.

एका जागी दोन श्रद्धा खऱ्या असू शकतात?

इतिहासाच्या दृष्टीने नाही. देह एकाचाच असणार. पण गडावर ही सरमिसळ मुळातच शक्य कशी झाली, हेही पाहायला हवं. नाथपंथी योग्याला दहन करत नाहीत, समाधी देतात. फकिराची मजार आणि जोग्याची समाधी, दोन्ही मातीतच. दोघंही घरदार सोडलेले, दोघांकडेही लोक दुखणं आणि नवस घेऊन जातात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीला कानिफनाथांच्या स्थानाबद्दल असाच दुहेरी भाव आहे. श्रीलंकेत श्रीपाद पर्वतावरचं एकच पाऊल बौद्धांना बुद्धाचं, हिंदूंना शिवाचं आणि मुसलमानांना आदमचं वाटतं.

मलंगगडाची गोष्ट आणखी गुंतलेली आहे, कारण इथली वहिवाट कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे आली. कल्याण परिसरातून इंग्रज माघारी गेल्यावर पेशव्यांनी काशिनाथपंत केतकरांच्या देखरेखीखाली इथे मोत्यांची किनार लावलेली जरीची चादर अर्पण केली, तिला आधार चांदीच्या खांबांचा. पुढे व्यवस्थेवरून तंटा झाला. १८१७ साली तीनदा चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि तिन्ही वेळा केतकरांच्या प्रतिनिधीची चिठ्ठी निघाली, अशी नोंद आहे.

विसाव्या शतकात वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५४च्या निकालात ही संमिश्र वास्तू ठरली: हिंदू किंवा मुस्लिम धर्मकायद्याने नव्हे, तर स्वतःच्या रूढींनी किंवा विश्वस्त संस्थांच्या सर्वसाधारण कायद्याने चालणारी. आत कोण आहे, याचा निवाडा न करताही न्याय देता आला, हे फार महत्त्वाचं आहे.

तरीही १९८०च्या दशकात शिवसेनेचे ठाण्यातले नेते आनंद दिघे यांनी गडाच्या मुक्तीचं आंदोलन उभारलं आणि २०२४च्या जानेवारीत तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तोच मुक्तीचा शब्द पुन्हा दिला. त्यामागे अनेकांची प्रामाणिक श्रद्धा आहे, ती नाकारता येत नाही. पण समाधी मच्छिंद्रनाथांचीच आहे असं धरून चाललं, तरी जिथे पेशव्यांनी स्वतः चादर चढवली, तिथून दुसऱ्याची चादर काढायची कोणत्या आधाराने?